बाळंतीण ‘दूध पुरत नाही’ म्हणते तेव्हा

ताई, तुम्ही नव्याने आशा झालात आणि विचारलंय, की तीन आठवड्यांच्या बाळाची आई ‘दूध पुरत नाही’ म्हणते, सासूबाईंनी वरचं दूध सुरू केलंय, तर समजवायचं कसं? मी गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी आहे. माझं ऐकाल तर आधी काही समजवूच नका. तिच्याजवळ बसा आणि बाळ प्यायला लागल्यापासून सोडेपर्यंत नीट बघा. बहुतेक घरांत दूध असतं, पकड चुकलेली असते.

नुसतं स्तनाग्र तोंडात असलं की आईला चिरा पडतात, बाळ दमून अर्धपोटी झोपतं आणि थोड्या वेळात पुन्हा रडतं. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायला सांगा. अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोकं दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तनाला आधार. बाळाने जांभईसारखा मोठा आ केला की लगेच जवळ ओढायचं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतोय, म्हणजे जमलं. गिळताना ऐकू येतं. रात्रीचं पाजणं मात्र सोडू देऊ नका, त्यावर दूध टिकतं.

सासूबाईंशी वाद नको, त्यांना कामाला लावा. वरचं दूध कमी करत नेताना ओले लंगोट त्यांनीच मोजावेत. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त हवेत. २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या गृहभेटीत त्यांच्यासमोर वजन करा. वजन अजून जन्माच्या वजनावर आलेलं नसेल किंवा बाळ मलूल असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

तुमच्याकडून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर आणखी एक. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरला जातो. अशा बाईला ‘घरी थांब’ सांगून आपण फक्त तिचा जीव टांगणीला लावतो. त्यापेक्षा हाताने दूध काढायला शिकवा. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत सावलीत ठेवलेलं दूध चार तासांच्या आत वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं, बाटली नको. आणि निघण्यापूर्वी ती कुठल्या कारखान्यावर चाललीय ते विचारून तिथल्या आशाताईंचा नंबर तिला मिळवून द्या.