वाचकांचे प्रश्न : वेर्ण्याची आठ वर्षे आणि लिस्बनचे पेन्शन

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत मी २०१५ ते २०२३ अशी पूर्ण आठ वर्षे नोकरी केली आणि त्या काळात माझा पीएफ नियमित कापला जात होता. आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व मिळाल्यानंतर गेली दोन वर्षे मी लिस्बनमधील एका उपाहारगृहात काम करतो आहे. कागदपत्रे करून देणाऱ्या एजंटाचे म्हणणे असे, की पासपोर्ट पोर्तुगालचा झाला म्हणजे पेन्शनही तिकडचेच. तेव्हा गोव्यातील पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून खाते बंद करावे. अर्ज भरून तयार आहे. तो पाठवावा का? (एक वाचक, मूळ गाव म्हापसा)

उत्तर : पीएफची रक्कम काढायची की नाही हा तुमच्या गरजेचा प्रश्न आहे; पेन्शनचा अर्ज मात्र पाठवू नये. एजंटाने पासपोर्ट आणि सामाजिक विमा या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून पाहता ती करणारा तो एकटा नव्हे. पेन्शनचा हक्क नागरिकत्वातून येत नाही. तुम्ही कोणत्या देशात काम केले आणि तेथे किती वर्षे वर्गणी भरली यावर तो ठरतो. पोर्तुगीज नागरिक असूनही तेथे एक दिवसही वर्गणी न भरलेल्या माणसाला तेथील वर्गणीवर आधारलेले पेन्शन मिळत नाही.

पोर्तुगालमध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी साधारणपणे १५ वर्षांची वर्गणी लागते. भारतात कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची पात्र सेवा लागते. तुमच्याकडे आज येथली आठ आणि तेथली दोन वर्षे आहेत, म्हणजे एकेकट्या देशाच्या हिशेबाने दोन्हीकडे तुम्ही अपात्र ठरता. हीच अडचण दूर करण्यासाठी भारत आणि पोर्तुगाल यांनी २०१३ साली सामाजिक सुरक्षा करार केला आणि तो ८ मे २०१७ रोजी अमलात आला. या करारानुसार पात्रता ठरवताना एका देशातील वर्गणीचा काळ दुसऱ्या देशातील काळात मिळवता येतो. त्यामुळे भारताची १० वर्षांची अट आठ अधिक दोन अशी आजच पूर्ण होते, आणि पोर्तुगालची १५ वर्षांची अट तेथे एकूण सातच वर्षे काम केल्यावर पूर्ण होईल.

वर्षे मिळवली जातात ती केवळ पात्रतेसाठी, रकमेसाठी नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यावे. भारत आपल्या आठ वर्षांचे पैसे देईल, पोर्तुगाल आपल्या सात वर्षांचे. पेन्शनयोग्य पगार १५,००० रुपये या कमाल मर्यादेचा धरला, तर येथील सूत्राप्रमाणे १५,००० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षापासून दरमहा १,७१४ रुपयांच्या आसपास रक्कम होते. एवढ्यात महिन्याचे मासळीबाजाराचे पैसेही सुटणार नाहीत हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु त्या आठ वर्षांची खरी किंमत या रकमेत नसून पोर्तुगालमधील तुमची वाट १५ वर्षांवरून सातवर येते यात आहे. फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे एकरकमी घेतलेत, तर ती वर्षे पेन्शनच्या हिशेबातून जातात आणि मग जोडायला काही उरत नाही.

याच फॉर्म १०सी वर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागण्याची सोय आहे, ती घ्यावी. त्या प्रमाणपत्रात तुमची सेवा नोंदलेली राहते. पीएफची शिल्लक काढण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म १९, वेगळा असतो आणि दोन्ही अर्ज एकत्रच भरले पाहिजेत असे बंधन नाही. पणजीतील पाटो येथील भविष्य निर्वाह निधी कार्यालयात हे काम होते.

लिस्बनच्या बाजूनेही एक खात्री करून घ्यावी. तेथे कामगाराच्या पगारातून ११ टक्के आणि मालकाकडून २३.७५ टक्के वर्गणी जाते. पगारातून कापलेली रक्कम तुमच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावर खरोखर जमा होते का, हे संकेतस्थळावर वर्षातून एकदा तरी पाहावे. न नोंदलेले काम कितीही वर्षे केले तरी ते या हिशेबात येत नाही.

प्रश्न : माझा भाऊ गोव्यात पाच वर्षे पीएफ असलेल्या नोकरीत होता, नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तीन वर्षे पोर्तुगालमध्ये आणि पुढे सात वर्षे इंग्लंडमधील स्विंडनमध्ये राहिला. त्याला आता घरी परतायचे आहे. या सगळ्या वर्षांची बेरीज होईल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : सगळ्यांची होणार नाही. ब्रिटनच्या नव्या राज्य पेन्शनसाठी किमान १० वर्षे लागतात आणि पूर्ण रकमेसाठी ३५. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात वर्षे जोडण्याची व्यवस्था टिकून आहे, म्हणून पोर्तुगालची तीन आणि ब्रिटनची सात मिळून दहा होतात. ब्रिटन पैसे मात्र सातच वर्षांचे देईल. गोव्याची पाच वर्षे ब्रिटनच्या हिशेबात येत नाहीत. भारत-पोर्तुगाल आणि पोर्तुगाल-ब्रिटन अशा दोन कड्या असल्या, तरी त्यांची आपोआप साखळी होत नाही. २०२५ च्या भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत ठरलेली तरतूदही भारतातून अल्पकाळासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची दुहेरी वर्गणी टाळण्यापुरती आहे. पेन्शनची वर्षे जोडणे हा तिचा विषय नाही.

परतण्याआधी भावाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात राहणाऱ्या पेन्शनधारकाला ब्रिटनचे पेन्शन मिळते, पण तेथे दरवर्षी होणारी वाढ मिळत नाही. सुरुवातीची रक्कमच पुढे चालू राहते, आणि वीस वर्षांच्या महागाईत तिचे काय उरते हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझे पती बारा वर्षे दुबईत नोकरीला आहेत. तेथील वर्षे गोव्यातील पेन्शनला जोडता येतील का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा असा करार नाही आणि तेथील राष्ट्रीय पेन्शन परदेशी कामगारांसाठी नाही. त्याऐवजी नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन. बारा वर्षांचे ते ३१५ दिवसांचे होते. भत्ते त्यात धरले जात नाहीत, म्हणून करारपत्रात मूळ वेतन किती लिहिले आहे ते आजच पाहून ठेवावे.