व्हायरल तापात स्नायू खरंच वितळतात का? भावाची लघवी काळपट झालीये, सीपीके खूप वाढलाय आणि डॉक्टर किडनीचं बोलताहेत

वितळत नाहीत, फुटतात. मी डॉक्टर नाही, मिरजेत लॅबमध्ये काम करतो. पण हे घरातच पाहिलंय.

मेहुणा तासगावचा, द्राक्षबागायतदार. ऐन छाटणीत फ्लूने पडला. चौथ्या दिवशी खाटेवरून पाय खाली सोडताना कण्हायला लागला, मांड्यांना हात लावू देईना. लघवी कोऱ्या चहासारखी. घरच्यांनी ठरवूनच टाकलं, कावीळ! झाडपाल्याचं औषध आणायला माणूस निघालाही होता. डोळे मात्र पांढरेस्वच्छ.

नमुना मीच लावला. लघवी तपासायच्या पट्टीवरचा रक्ताचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला, आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी औषधालाही नाही. पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. मायोग्लोबिन म्हणजे स्नायूंतलं, प्राणवायू धरून ठेवणारं लाल प्रथिन. स्नायूची पेशी फुटली की ते रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एक एन्झाइम, रक्तात साधारण 200 च्या आत असतो, त्याचा 28,000 निघाला. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी हे एन्झाइमही वाढलं होतं, पण काविळीत वाढणारं बिलिरुबिन नॉर्मल. एसजीओटी स्नायूंतही असतं, उगाच लिव्हरच्या नावाने बिल फाडलं जातं.

याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्हायरसांत इन्फ्लुएंझाचं नाव आधी येतं. कोव्हिड, डेंग्यूतही होतं. तापात पाणी कमी पडलेलं असतं, त्यात हे मायोग्लोबिन किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतं. म्हणून सलाईन भरपूर चढवतात आणि तासातासाला लघवी मोजतात. मात्र डेंग्यू असेल तर सलाईनचा हिशोब वेगळा, तिथं डॉक्टरांना घाई करू नका.

मेहुण्याने मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून तीन दिवस खाल्ल्या होत्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेळी किडनीवर आणखी भार टाकतात. भावाने काय काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगा, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही. स्टॅटिननेही स्नायू फुटू शकतात.

मेहुण्याला डायलिसिस लागलं नाही. सहाव्या दिवशी लघवी निवळली तेव्हा बहिणीने बाटलीचा फोटो थेट फॅमिली ग्रुपवर टाकला!

सीपीकेच्या आकड्याकडे सगळे बघतात, तुम्ही पोटॅशियमचाही विचारा. फुटलेल्या पेशींतून तेही बाहेर पडतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. ईसीजी काढला नसेल तर आजच विचारा.