घरगुती प्रेशर सेन्सर: तुमची बरणी थर्मामीटर झालीय

तुम्ही लिहिलंय की हवेचं प्रेशर मोजायला बरणीच्या तोंडावर फुगा ताणून बसवलाय, वर स्ट्रॉ चिकटवलीय, सरांनी रेडीमेड मॉड्यूल लावायचं नाही म्हटलंय, आणि आता हे आर्डुइनोला (सेन्सरचं रीडिंग घेणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) कसं जोडायचं. जोडता येईल, पण तसंच जोडलंत तर व्हायवात अडकाल.

बरणीतली हवा बंद आहे, म्हणजे खोली १ अंशाने तापली की आतलं प्रेशर साधारण ३ हेक्टोपास्कलने (हे प्रेशरचं एकक) वाढणार. आणि पुण्यात बाहेरचं प्रेशर साध्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, असं मिळून ३-४ हेक्टोपास्कलच हलतं. एप्रिलात दुपारी खोली ५ अंशांनी तापली तर फुग्यावर १५ चा परिणाम नुसत्या उन्हाचा. गंमत अशी की तेव्हा फुगा वर येतो म्हणजे 'प्रेशर कमी झालं' असंच दाखवतो, आणि खरं प्रेशरही तेव्हा कमीच झालेलं असतं, म्हणून सगळे खूष की चालतंय!

त्यामुळे आधी दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजणारा सेन्सर करा. प्लास्टिकच्या डबीच्या तोंडावर रबर, रबराच्या मधोमध छोटं चपटं मॅग्नेट, आणि त्याच्या वर थोडं अंतर सोडून लिनिअर हॉल सेन्सर (मॅग्नेट किती जवळ आहे त्याप्रमाणे कमीजास्त व्होल्टेज देणारा) घट्ट बसवा, तो जरा जरी हलला तरी रीडिंग गेलं. डबीला भोक पाडून सलाइनची नळी घाला, एम-सीलने बंद करा. तपकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) नुसतं 'हॉल सेन्सर' म्हणालात तर ३१४४ नंबरचा हातात ठेवतील, तो फक्त चालू-बंद सांगतो, तुम्हाला ४९ई हवाय. फुग्याचं रबर ताणून ठेवलं की हळूहळू सैल पडतं, पातळ सिलिकॉन शीट मिळाली तर तीच घ्या.

आता कॅलिब्रेशन, खरे मार्क इथेच आहेत. पारदर्शक नळीचा यू करून फळीवर पट्टीशेजारी लावा, रंगीत पाणी भरा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाका म्हणजे ते नळीला चिकटून राहत नाही. मेडिकलमधून सिरिंज आणि थ्री-वे (तीन नळ्या जोडायची छोटी तोटी) आणा, सिरिंज, यू-नळी आणि डबी तिन्ही त्याला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटीमीटर फरक म्हणजे ९.८ हेक्टोपास्कल. फरक दोन्ही पातळ्यांमधला धरायचा, एकीकडचं पाणी किती चढलं ते नाही, इथे हमखास निम्मं उत्तर येतं. प्रेशर वाढवताना रीडिंग घ्या आणि उतरवतानाही घ्या, दोन रेषा एकमेकींवर बसणार नाहीत, रबराचा तो गुण आहे, ग्राफमध्ये लपवू नका उलट दाखवा. ग्राफ सरळही येणार नाही कारण मॅग्नेट जवळ आलं की त्याचं चुंबकीय फील्ड झपकन वाढतं. आर्डुइनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो म्हणजे एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्ट, तेव्हा बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढा.

तरीही बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवायचंच असेल तर डबीची नळी थ्री-वेमधून लिटरभराच्या थर्मासमध्ये सोडा, झाकण एअरटाइट करा. दिवसभराचं मोजमाप तरीही जमणार नाही, पण काही मिनिटांपुरतं आतलं तापमान बऱ्यापैकी टिकतं. पडताळायला फोनमधला बॅरोमीटर चालेल (सगळ्या फोनात नसतो), फायफॉक्स ॲपमध्ये दिसतो. फोन ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवेल आणि हवामानाच्या पानावर १०१० दिसेल, घाबरू नका, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि हवामानवाले आकडा समुद्रसपाटीला आणून छापतात.

डेमोला लिफ्ट वापरा. खाली थ्री-वे उघडून आतबाहेर सारखं करा, बंद करा, दहा मजले म्हणजे ३० मीटर वर जा, ३ हेक्टोपास्कलच्या थोडा वर फरक यायला हवा. थर्मासला हात लावू नका, पिशवीत धरून न्या.