डोके-मानेच्या कर्करोगावर रेडिओथेरपी झाल्यानंतर मानेतील धमनी फुटली, तर शस्त्रक्रियाच करावी लागते का?

नाही, आता बहुतेक वेळा मान उघडून धमनी बांधण्याऐवजी मांडीतील धमनीतून कॅथेटर (बारीक, लवचिक नळी) आत नेऊन रक्तस्राव थांबवतात, कारण किरणोत्सर्गाने धमनीची भिंत कमकुवत झालेली असते आणि भोवतालच्या कडक, अनेकदा जंतुसंसर्ग झालेल्या ऊतींमध्ये टाके नीट धरत नाहीत. त्याआधी जखमेवर घट्ट दाब देणे, श्वासमार्ग सुरक्षित करणे आणि रक्त चढवणे यांना क्षणाचाही विलंब चालत नाही. कॅरोटिड म्हणजे मानेतील मोठी धमनी; तिच्या चेहऱ्याकडे जाणाऱ्या भागाची, म्हणजे बाह्य कॅरोटिडची, शाखा फुटली असेल, तर ती कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करणे तुलनेने सोपे असते. मुख्य किंवा मेंदूकडे जाणारी अंतर्गत कॅरोटिड फुटल्यास मात्र मेंदूचा रक्तपुरवठा पणाला लागतो, म्हणून रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर फुग्याने प्रवाह तात्पुरता अडवून मेंदूला दुसऱ्या बाजूने पुरेसे रक्त मिळते का, हे तपासतात. मिळत असेल तर ती धमनी कायमची बंद करता येते, अन्यथा आतून आवरणयुक्त स्टेंट (धमनी खुली ठेवून फुटलेली जागा झाकणारी जाळीदार नळी) बसवतात. हा स्टेंट जीव वाचवतो, पण संसर्ग झालेल्या जागी पुन्हा रक्तस्राव होण्याचा किंवा त्यात गुठळी होण्याचा धोका राहतो, त्यामुळे पुढील उपचार लगेच ठरवावे लागतात. तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून थोडेसे ताजे रक्त येऊन आपोआप थांबले, तरी तो मोठ्या रक्तस्रावाचा इशारा असू शकतो. अशा वेळी घरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.