कोपरा ९० चा नसतो, बापू

बापू, कॉर्निसच्या, म्हणजे छत आणि भिंतीच्या सांध्यातल्या नक्षीच्या पट्टीच्या, जोडात नखभर फट आहे आणि तू मशीनला शिव्या देतोस. मशीन बरोबर आहे, भिंत वाकडी आहे. आपल्याकडे मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेली घरं. गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) नीट बसणारा कोपरा नशिबानेच सापडतो. आधी कोन मोज. ९२ निघाला तर त्याचा अर्धा ९० मधून वजा कर: मायटर सॉ (तिरकं कापायचं मशीन) ४४ वर. डोळे झाकून ४५ नको.

कॉर्निसची पट्टी मशीनवर उलटी ठेव: छताकडची कड खाली, भिंतीकडची मशीनच्या मागच्या उभ्या आडाला टेकलेली. पट्टी सरकू नये म्हणून पुढे एक ठोकळा आवळून घे. आतल्या कोपऱ्यात भिंतीकडची कड लांब राहते, बाहेरच्यात छताकडची. हे विसरून मी सागवानाची ७ फुटी पट्टी वाया घालवली होती, तेही मालकासमोर.

आतल्या कोपऱ्यात मात्र मी दोन तिरके तुकडे जोडतच नाही. एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवतो. दुसरी तिरकी कापली की नक्षीची कड उघडी पडते. त्या कडेवर पेन्सिल फिरवायची, बारीक पात्याच्या करवतीने ती रेघ धरून कापायचं, मागचं लाकूड थोडं जास्त खायचं, मग गोल कानस. वेळ लागतो, पण कोपरा वाकडा असला तरी खपून जातो. पावसाळ्यात बसवलेले माझे तिरके जोड मे महिन्यात लाकूड सुकून उघडले होते. काहून, ते तुला आता कळलंच असेल.

बाहेरच्या कोपऱ्याला पर्याय नाही, तिथे तिरकाच जोड. आधी भंगार तुकड्यावर कापून पाहा.