घरी मोटार हवीच का?

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीने जातो, तर पत्नी सिटीलिंकच्या बसने कॉलेज रोडला शाळेत जाते. आईचे वय 72. गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी तिला आठवड्यातून दोनदा सकाळी अकरा वाजता महात्मानगरला न्यावे लागते. बसची पायरी तिला चढवत नाही आणि रिक्षावाले मीटरने यायला तयार नसतात. पत्नीला गाडी चालवता येत नाही. नातेवाईक म्हणतात, आता तरी चारचाकी घ्या. सर्व मिळून आठ लाख लागतील, त्यांपैकी सहा लाखांचे कर्ज काढावे लागेल. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातला कळीचा तपशील आपण ओझरता लिहिला आहे, तो म्हणजे सकाळचे अकरा. त्या वेळी आपण कंपनीत असता आणि पत्नी शाळेत. मग गाडी घेतली तरी आईंना नेणार कोण? रजा काढणे किंवा चालक ठेवणे शक्य नसेल, तर ज्या कारणासाठी कर्ज काढायचे तेच कारण गाडी दारात उभी असतानाही रिक्षानेच भागवावे लागेल.

आता पैशांकडे पाहू. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 12,450 रुपये बसतो आणि एकूण व्याज दीड लाखाच्या आसपास जाते. गाडी दहा वर्षे वापरून दोन लाखांना विकली, असे धरल्यास किमतीतील घट महिन्याला 5,000 आणि व्याज साधारण 1,200 रुपये पडते. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरी यांचे वर्षाला 30,000 धरले, तर आणखी 2,500. म्हणजे पेट्रोलचा एक थेंबही न जाळता महिन्याला 8,700 रुपये. याउलट रिक्षावाल्याने अडवून प्रत्येक खेपेला 200 रुपये घेतले तरी आईंच्या महिन्यातल्या सतरा-अठरा खेपा साडेतीन हजारांत होतात. घासाघीस मनस्ताप देते, हे मान्य. पण जवळच्या स्टँडवरचा एखादा भरवशाचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवला, तर तो मनस्तापही टळतो, शिवाय तो रिक्षावाला आईंना हात धरून उतरवतोही.

गाडी बाळगण्याचा एक त्रास आकड्यांत येत नाही. माझी स्वतःची मोटार काही वर्षे सोसायटीच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असे. कव्हरवर लिंबोळ्यांचा चिकट थर साचे आणि पंधरा दिवसांनी किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज येई. बॅटरी उतरलेली असे. मग ती चालू करायला शेजाऱ्याची गाडी आणि जंपरच्या तारा. मेन रोड किंवा शालिमारला कामासाठी जायचे, तर गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दुकान मागे पडलेले असे, म्हणून तिकडे मी रिक्षानेच जाऊ लागलो. पुढे ती मोटार विकली.

तरीही आपल्याला बसवर विसंबून राहा, असे मी सांगणार नाही. जुलै 2021 मध्ये सिटीलिंक सुरू झाल्यापासून पत्नींसारख्या ठरलेल्या वेळेच्या प्रवाशाची सोय झाली, पण कंपनीतून कधी मध्यरात्री सुटावे लागले, तर आपल्याला तिचा उपयोग कितीसा? त्यासाठी आपली दुचाकी आहेच. नाशिकसाठी आखलेल्या मेट्रो निओची, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची, तरतूद 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती. तिला मात्र हिशेबात धरू नका.

दोन गोष्टींनी माझे मत बदलेल. आईंना अवेळी रुग्णालयात न्यावे लागण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, किंवा पत्नी गाडी शिकून सुट्टीच्या दिवशी वापरणार असतील, तर हप्त्याचा भार कमी पडेल अशी वापरलेली छोटी गाडी पाहा. एरवी तीन महिने एका वहीत प्रत्येक खेप, तिचे भाडे आणि रिक्षा न मिळाल्यामुळे रद्द झालेली कामे लिहून ठेवा. वर्षातून एकदा आईंना वणीच्या सप्तशृंगीला न्यायचे असेल, तेव्हा चालकासह गाडी ठरवा आणि तो खर्चही त्याच वहीत मांडा.