पिरोजाचे दागिने किती प्राचीन आहेत?

पिरोजा (टर्क्वॉइज) या निळ्या रत्नाचे दागिने किमान पाच हजार वर्षे जुने आहेत आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा इजिप्तमधील अबायडोस येथे मिळाला. तेथील पहिल्या राजवंशातील जेर राजाच्या थडग्यात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात कापडात गुंडाळलेला एक हात सापडला आणि त्यावर सोने, पिरोजा, लाजवर्द (गडद निळा खडा) व अॅमेथिस्ट (जांभळा खडा) यांनी घडवलेली चार कंकणे शाबूत होती.

इजिप्तला हे रत्न सिनाई द्वीपकल्पातून मिळे. सेराबित अल-खादिम येथील खाणींपाशी हाथोर देवीचे मंदिर होते व ‘पिरोजाची स्वामिनी’ म्हणून तिची पूजा होत असे. मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, याच परिसरातील शिलालेख वर्णमालेच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी आहेत, म्हणजे लेखनाच्या इतिहासाचा एक धागा या खाणींतून जातो. इराणमधील निशापूरच्या खाणीही प्राचीन असून तेथील आकाशी पिरोजा आजही श्रेष्ठ मानला जातो.

पिरोजा हे तांबे व अॅल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट असून तांब्यामुळे त्याला निळा रंग येतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने तेल, अत्तर आणि साबणाच्या पाण्यापासून त्याला जपावे, अन्यथा रंग हिरवट पडतो.